परतीच्या क्रेडिटचे काय?

मार्च २०२२. युक्रेनमधल्या तळघरांतून, सीमेवरच्या रांगांतून निघालेली वैद्यकीयची मुले 'ऑपरेशन गंगा'च्या विमानांनी घरी पोहोचली. पहिले आठ दिवस कुणाला काही सुचत नव्हते. पोरगे सुखरूप आले, एवढेच पुरे होते. मग जेवणाच्या ताटावर दुसरा प्रश्न आला. तीन वर्षे शिकून झाली, त्यांचे पुढे काय?

त्या दिवसांत नाशिकमध्ये, म्हसरूळच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने कुलगुरू लेफ्टनंट जनरल (निवृत्त) डॉ. माधुरी कानिटकर यांच्या कारकिर्दीत या मुलांसाठी ऑनलाइन अभ्याससाहित्य मोफत खुले केले. मुलांचा अभ्यास तुटू नये, हा हेतू चांगला होता आणि मदतही खरी होती. पण साहित्य वाचून मार्कशीट तयार होत नाही. खरी वाट उघडली ती ६ सप्टेंबर २०२२ रोजी. त्या दिवशी राष्ट्रीय वैद्यक आयोगाने युक्रेनच्या 'अकॅडमिक मोबिलिटी' योजनेला हरकत नसल्याचे जाहीर केले. विद्यार्थ्याने तात्पुरते दुसऱ्या देशातील विद्यापीठात शिकायचे आणि पदवी मात्र मूळच्या युक्रेनियन विद्यापीठाचीच घ्यायची, अशी ती योजना. ती भारतातल्या कॉलेजांना लागू नव्हती, हेही आयोगाने लगेच स्पष्ट केले. शिवाय नोव्हेंबर २०२१ चे नियम सांगतात की, परदेशातून एमबीबीएसच्या तोडीची पदवी घेणाऱ्याने पूर्ण शिक्षण एकाच संस्थेत घेतले पाहिजे. म्हणजे ही सवलत अपवाद म्हणून मिळाली होती.

एक्स्चेंज प्रोग्रॅमची सगळी नाडी या एका घटनेत सापडते. मुलगा कुठे बसून शिकला, यापेक्षा त्याने तिथे शिकलेले इथे कोण मोजणार, हा प्रश्न मोठा असतो. नाशिकमध्ये सेमिनार होतात, स्टॉल लागतात, आयफेल टॉवरचे फोटो दाखवले जातात. व्हिसा किती दिवसांत मिळतो, वसतिगृहात भारतीय जेवण मिळते का, असे प्रश्न पालक पोटतिडकीने विचारतात. परतीच्या क्रेडिटचे काय, हे मात्र क्वचितच कुणी विचारते.

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. युरोपची 'इरॅस्मस' योजना १९८७ साली ११ देशांत ३,२४४ विद्यार्थ्यांपासून सुरू झाली. आज तिचे नाव 'इरॅस्मस प्लस' आहे आणि २०२१ ते २०२७ या सात वर्षांसाठी तिचा निधी सुमारे २६ अब्ज युरोचा आहे. २०१५ पासून तिचा एक दरवाजा भारतासारख्या युरोपबाहेरच्या देशांनाही उघडला. पण त्या दरवाजातून विद्यार्थी एकटा आत जात नाही. इथल्या आणि तिथल्या संस्थेत आधी लेखी करार असावा लागतो, निवड आपल्याकडच्या संस्थेमार्फत होते, आणि मग दोन ते बारा महिन्यांसाठी जाता येते. यजमान विद्यापीठ फी घेत नाही, उलट देशानुसार महिन्याला साधारण ८०० ते ९०० युरो आणि प्रवासखर्च मिळतो. त्यामुळे 'इरॅस्मसचा फॉर्म आम्ही भरून देतो' म्हणून कुणी पैसे मागितले, तर पालकांनी तिथून उठावे. आपल्या कॉलेजचा किंवा विद्यापीठाचा कोणत्या परदेशी विद्यापीठाशी चालू करार आहे, हे इंटरनॅशनल ऑफिसमध्ये जाऊन विचारावे. करार कधी संपतो आणि गेल्या दोन वर्षांत त्यातून किती मुले प्रत्यक्ष गेली, हेही विचारावे. भिंतीवर फ्रेम करून लावलेला सामंजस्य करार आणि दरवर्षी दोन मुले पाठवणारा करार यांत फार अंतर असते.

करारावर इतका भर का, ते युरोपच्या गेल्या बारा वर्षांतल्या उलथापालथीवरून कळते. फेब्रुवारी २०१४ मध्ये स्वित्झर्लंडच्या मतदारांनी स्थलांतरावर मर्यादा घालण्याच्या बाजूने कौल दिला आणि तो देश इरॅस्मसमधून बाहेर पडला. स्विस सरकारने मग स्वतःच्या पैशाने वेगळी योजना उभी केली. डिसेंबर २०२० मध्ये, नाताळच्या आदल्या दिवशी, ब्रिटनने इरॅस्मस सोडत असल्याचे जाहीर केले. डिसेंबर २०२२ मध्ये हंगेरीतल्या सरकारनियुक्त विश्वस्तांच्या ताब्यातील विद्यापीठांचा नवा युरोपीय निधी रोखला गेला. आणि २०२० च्या मार्चमध्ये कोविडने सगळ्यांनाच घरी बसवले. प्रत्येक वेळी एक गोष्ट दिसली. आधीच सह्या झालेल्या करारांतले विद्यार्थी बहुतेक तरले. ब्रिटिश विद्यापीठे जुन्या करारांतला निधी वापरून २०२३ पर्यंत मुले पाठवत राहिली. हंगेरीत बंदी नव्या करारांवर होती. कोविडमध्ये युरोपीय आयोगाने 'अपरिहार्य परिस्थिती'चे कलम लावून अडकलेल्या विद्यार्थ्यांचे अनुदान वाचवले. जे ओळखीच्या, ईमेलच्या, 'बघू नंतर'च्या भरवशावर होते, त्यांच्या हाती दाखवायला काही नव्हते.

आता मुद्दा क्रेडिटचा, आणि इथे थोडे गणित करावे लागेल. युरोपात एका वर्षाच्या अभ्यासाला ६० 'ईसीटीएस' क्रेडिट असतात, म्हणजे सेमिस्टरला ३०. एका क्रेडिटमागे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तासांचे काम धरतात. त्यात वर्गाचे तास येतात, वाचन येते, प्रयोग आणि परीक्षेची तयारीही येते. आपल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाला ४० क्रेडिट आणि १,२०० तास आहेत. ढोबळमानाने तिथल्या तीन क्रेडिटला इथले दोन. पण हा हिशेब घरातल्या वहीत करून उपयोगाचा नाही, तो विद्यापीठाने मान्य केलेला असला पाहिजे. त्यासाठी 'लर्निंग अॅग्रीमेंट' नावाचा कागद असतो. कोणते विषय तिथे शिकणार, त्यांच्या बदल्यात इथले कोणते विषय सुटणार, हे त्यात लिहिलेले असते आणि त्यावर विद्यार्थी, इथली संस्था व तिथली संस्था अशा तिघांच्या सह्या असतात. हा कागद विमानात बसण्याआधी झाला पाहिजे. नाहीतर परतल्यावर विभागप्रमुख बदललेले असतील, 'असा विषय आमच्या अभ्यासक्रमात नाही' असे उत्तर मिळेल, आणि परदेशी सेमिस्टर करून आलेल्या हुशार मुलीला ज्युनिअर्सबरोबर बसून पेपर द्यावे लागतील. एटीकेटीचा शिक्का नको म्हणून तिने इतकी वर्षे जिवाचे रान केलेले असते.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या नाशिकच्या कॉलेजांना इथे मोठी अडचण आहे. अभ्यासक्रम ठरवते अभ्यास मंडळ, त्यामुळे एकट्या प्राचार्यांच्या सहीने विषय सुटत नाही. स्वायत्त कॉलेज किंवा स्वतंत्र विद्यापीठ असेल, तर हे काम पुष्कळ सोपे. प्रवेश घेतानाच हा फरक लक्षात घ्यायला हवा. ज्या घरात मुलाला एक सेमिस्टर तरी बाहेर पाठवायची इच्छा आहे, तिथे कॉलेज निवडताना कट-ऑफ आणि प्लेसमेंटबरोबर स्वायत्ततेचाही विचार व्हावा. २०२१ पासून 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मध्ये विद्यार्थ्याचे खाते असते खरे, पण त्यात क्रेडिट जमा करते ती संस्था. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनी ट्विनिंग, संयुक्त पदवी आणि दुहेरी पदवी यांना वाट करून दिली आहे. ट्विनिंगमध्ये ३० टक्क्यांपर्यंत क्रेडिट परदेशात मिळवता येतात. मात्र अशा थेट सहकार्यासाठी इथल्या संस्थेला नॅकचे किमान ३.०१ गुण किंवा एनआयआरएफच्या विद्यापीठ यादीत पहिल्या शंभरात स्थान यांसारखी अट आहे.

गुणांचेही असेच. जर्मनीत १.० म्हणजे सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे काठावर पास. फ्रान्समध्ये २० पैकी गुण देतात, १० ला पास होता येते, आणि १६ मिळवणारा विद्यार्थी वर्गात उठून दिसतो. २० पैकी १३ पाहून 'पासष्टच टक्के?' म्हणून चेहरा पाडणाऱ्या वडिलांना हे आधीच सांगून ठेवले पाहिजे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, गुणांचे रूपांतर कोणत्या सूत्राने होणार, हे करारात लिहून घेतले पाहिजे.

जायचे कधी? इथे बहुतेक मुलांचा हिशेब चुकतो. जर्मनीचे हिवाळी सेमिस्टर १ ऑक्टोबरला सुरू होते आणि तासिका फेब्रुवारीपर्यंत चालतात. आपले सेमिस्टर पावसाळ्यात सुरू होऊन दिवाळीच्या आगेमागे परीक्षेला येते. ऑक्टोबरमध्ये जर्मनीला गेलेल्या मुलाचे इथले पहिले सेमिस्टर अर्धे राहते आणि दुसरेही हातचे जाते. स्वीडनचे वसंत सेमिस्टर मात्र जानेवारीच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत, नेदरलँड्सचे फेब्रुवारीपासून जूनअखेरपर्यंत असते. ते आपल्या जानेवारी ते मे या सत्राशी बऱ्यापैकी जुळते. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यासाठी तिसऱ्या वर्षाचे दुसरे सत्र, म्हणजे सहावे सेमिस्टर, सर्वांत सोयीचे. सातव्या सेमिस्टरला कंपन्या कॅम्पसवर येऊ लागतात आणि तेव्हा मुलगा नाशिकमध्ये असलेला बरा. सातपूर-अंबडच्या पट्ट्यात बॉशसारखी, जिचे मुख्यालय जर्मनीत श्टुटगार्टजवळ आहे, अशी कंपनी दारात आहे. श्टुटगार्ट ही बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याची राजधानी, आणि त्या राज्याचा महाराष्ट्राशी २०१५ पासून भागीदारी करार आहे. हे राज्य युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सेमिस्टरला १,५०० युरो फी घेते, पण करारातून आलेल्या एक्स्चेंज विद्यार्थ्याला ती माफ असते. पूर्ण पदवीसाठी जाणे आणि करारातून एका सत्रासाठी जाणे यांत पैशाचा किती फरक पडतो, ते इथे दिसते.

पैशाबद्दल स्पष्ट बोलायला हवे. जर्मन व्हिसासाठी महिन्याला ९९२ युरो दाखवावे लागतात, म्हणजे पाच महिन्यांचे सुमारे पाच हजार. युरो शंभर रुपयांचा धरला, तर पाच लाख. शिष्यवृत्ती असेल तर यातला मोठा भाग सुटतो, नसेल तर घरातून जातो. निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदार घरात पैसा हाती येतो तो जानेवारी ते एप्रिलच्या हंगामात, आणि जानेवारीत निघणाऱ्या मुलीची रक्कम तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच खात्यात लागते. अशा घराने आधीच्याच हंगामातून रक्कम बाजूला ठेवली नाही, तर ऐन वेळी व्याजाने पैसे काढायची पाळी येते. फ्रान्सचा विचार करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. तिथे किमान एक सेमिस्टर शिकलेल्या आणि मास्टर्स पदवी असलेल्या भारतीयांना पाच वर्षांचा शॉर्ट-स्टे शेंगेन व्हिसा देण्याची घोषणा फ्रान्सने २०२३ मध्ये केली. एका सत्राचा असा दीर्घ फायदा फार थोड्या ठिकाणी मिळतो.

ज्यांच्या कॉलेजचा कुठेच करार नाही, त्यांनी निराश होऊ नये. पदवीनंतर 'इरॅस्मस मुंडस' हा मार्ग आहे आणि त्यात विद्यार्थी थेट अर्ज करतो. दोन किंवा अधिक देशांत मिळून मास्टर्स, फी माफ, महिन्याला १,४०० युरो. अर्ज साधारण ऑक्टोबर ते जानेवारीत मागवतात. नाशिककरांना तर यात घरचा विषय सापडेल. 'विनिफेरा युरोमास्टर' हा द्राक्षशेती आणि वाइनशास्त्राचा अभ्यासक्रम फ्रान्समधल्या मॉन्पेलिएच्या संस्थेच्या पुढाकाराने उभा राहिला. 'विनटूर' हा वाइन पर्यटनाचा, तारागोना, बोर्डो आणि पोर्टो या तीन शहरांतून फिरणारा. गंगापूर धरणाच्या काठी द्राक्षमळे पाहत वाढलेल्या मुलाने बोर्डोला जाऊन मळ्याला पर्यटन कसे जोडतात ते शिकावे, यापेक्षा सरळ करिअर कोणते? मात्र अशा अभ्यासक्रमांना निधी ठरावीक तुकड्यांपुरताच मिळतो, म्हणून त्या वर्षी शिष्यवृत्ती चालू आहे का, हे अधिकृत यादीत तपासूनच तयारीला लागावे.

हे झाले जाणाऱ्यांचे. पण एक्स्चेंज म्हणजे देवाणघेवाण, आणि नाशिककडून 'घेवाण' फार कमी होते. फी माफीचा करार टिकतो तो दोन्ही बाजूंनी मुले आली-गेली तरच. तिथली चार मुले इकडे आली नाहीत, तर दोन-तीन वर्षांनी तिकडचे विद्यापीठ आपल्या मुलांच्या जागा कमी करते. युरोपच्या विद्यार्थ्याने नाशिकला का यावे, याचे उत्तर या शहराने पूर्वी एकदा दिलेले आहे. २०१५ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने एमआयटी मीडिया लॅबमधले मूळ नाशिकचे प्राध्यापक रमेश रासकर यांच्या पुढाकाराने 'कुंभथॉन' झाले. परदेशातले संशोधक आणि नाशिकची मुले एका टेबलाशी बसून गर्दी, आरोग्य, निवास अशा प्रश्नांवर उपाय बनवत होती. ते क्रेडिटचे सत्र नव्हते, पण जगातला विद्यार्थी नाशिकला कशासाठी येईल, हे त्यातून दिसले. २०२६-२७ च्या सिंहस्थात तोच प्रश्न आणखी मोठ्या आकारात आहे: एका शहरात येणारी प्रचंड गर्दी, तिचे पाणी, तिचे दवाखाने, गोदावरीचे प्रदूषण. याच्या जोडीला द्राक्षाची निर्यात आणि मुक्त विद्यापीठाचा दूरशिक्षणाचा अनुभव आहे. यातला एकेक विषय एका सत्राचा अभ्यासक्रम होऊ शकतो. तो इंग्रजीत लिहून काढायचा, त्याला दोन्ही पद्धतींत क्रेडिट लावायचे, वसतिगृहात चार खोल्या राखून ठेवायच्या, आणि परदेशी विद्यार्थ्याच्या नोंदणीपासून ट्रान्सक्रिप्टपर्यंतचे सगळे कागद बघणारा एक पूर्णवेळ माणूस कॉलेजात नेमायचा. सध्या बहुतेक ठिकाणी हे काम एखाद्या प्राध्यापकाकडे असते, तेही तास, पेपर तपासणी आणि नॅकच्या फायली सांभाळून उरलेल्या वेळात.