व्हायब्राफोनवर पोट भरतं का?

प्रश्न : माझा भाचा दिवसभर जॅझ फ्युजन ऐकतो आणि आता त्याला व्हायब्राफोन नावाच्या वाद्याचं वेड लागलं आहे. हे वाद्य वाजवून आपल्याकडे कुणी आयुष्य काढलं का, की सगळं अमेरिकेतलंच?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आपल्याकडेही काढलं, आणि त्यांना तुम्ही विविध भारतीवर कितीदा तरी ऐकलं असेल, नाव मात्र कानावर आलं नसेल. मुंबईच्या फिल्म स्टुडिओंमध्ये लॉर्ड नावाचं पारशी घराणं होतं. वडील कावस लॉर्ड तालवादक. त्यांची मुलं केरसी आणि बर्जोर, म्हणजे सगळ्यांचे बुजी, दोघेही व्हायब्राफोन वाजवत. पण नुसता व्हायब्राफोन नव्हे, हे भाच्याला सांगा. बुजी ड्रम्सवरही बसत. केरसींचा (१९३५–२०१६) पसारा तर विचारूच नका. ‘हम दोनो’मधल्या लायटरची ती किणकिण त्यांच्या ग्लॉकेनस्पीलची, ‘रूप तेरा मस्ताना’तलं अकॉर्डियन त्यांचं, आणि हिंदी चित्रपटसंगीतात मूग सिंथेसायझर आणण्यातही तेच पुढे. व्हायब्राफोनचा आवाज पुढे कीबोर्डच्या एका बटणावर मिळू लागला आणि अख्खं वाद्य स्टुडिओत मांडायची गरजच उरली नाही. त्या बदलाची सुरुवात करणाऱ्यांत एक व्हायब्राफोनवादकच असावा, ही गंमत मला कडू वाटते. पडद्यावर नाव संगीतकाराचं येई. वादकांना त्या दिवसाचं मानधन.

फ्युजनचं म्हणाल तर अमेरिकेकडेच वळावं लागतं. या वाद्यात ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, खाली नळ्या, नळ्यांच्या तोंडाशी मोटरवर फिरणाऱ्या चकत्या. त्यामुळे स्वर थरथरतो. लायोनेल हॅम्प्टननं १९३० मध्ये ते लुई आर्मस्ट्राँगबरोबर ध्वनिमुद्रित केलं, आणि तोही मुळात ड्रमर. १९४३ साली जन्मलेल्या गॅरी बर्टननं मोटर बंद ठेवली, दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या धरल्या आणि पियानोसारखे अख्खे कॉर्ड वाजवले. १९६७च्या ‘डस्टर’मध्ये लॅरी कॉरिएलची गिटार सोबतीला घेऊन त्यानं जॅझच्या घरात रॉक आणला. ‘फ्युजन’ हा शिक्का पडण्याआधीची ही गोष्ट. तरी बर्टनसुद्धा नुसत्या मैफलींवर विसंबला नाही. १९७१ पासून २००४ पर्यंत बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात आधी शिकवत आणि पुढे कारभार पाहत राहिला.

आपल्या रागांशी या वाद्याचं जमेल का, असंही भाचा कधीतरी विचारेलच. अडचण मींडेची आहे. पट्टीचा स्वर ठरलेला. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही. बर्टननं कडक काठी पट्टीवर दाबून सरकवायची आणि स्वर किंचित खाली ओढायचा, अशी युक्ती वापरली, पण यमनातली मींड त्यातून निघणार नाही. म्हणून हिंदी चित्रपटांत व्हायब्राफोन बहुधा गाण्याच्या पोटात, अंतऱ्याआधीच्या चार-सहा मात्रांत चमकून जातो. त्याच्यापुरती ती जागा योग्यच आहे.

आणखी एक अडचण खास आपल्या गावची. उकाड्यात पट्ट्यांचा स्वर उतरतो, तर नळ्यांतल्या हवेचा चढतो. दोघांचं जुळेनासं झालं की घुमारा कमी होतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर गेला की कूलरसमोरच रियाज करावा लागेल, आणि कूलरच्या घरघरीत तो हलका स्वर शेजारच्या खोलीतही पोचायचा नाही.

भाच्याला वाद्य विकत घ्यायची घाई करू देऊ नका. तीन सप्तकांचं हे धूड महाग पडतं आणि दुरुस्तीला माणूस सहज मिळत नाही. आधी तबला किंवा ड्रम्स, जोडीला हार्मोनियम. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची मांडणी तीच आहे. दोन वर्षं तेवढं झालं तरी वेड टिकलं, तर पुढचं बघू.