कल्पनेतील काच

मुलामुलींनो, गोल्फचा खेळ तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल. लहानसा पांढरा चेंडू काठीने टोलवायचा आणि दूरच्या खळग्यात टाकायचा, असा हा खेळ आहे. चेंडू एका जागी स्थिर असतो. तरीही तो सरळ मारणे कठीण असते. असे का बरे?

नवा खेळाडू नुसता जोर लावतो. त्याची कोपरे बाहेर पसरतात. काठी एका वाटेने वर जाते आणि दुसऱ्याच वाटेने खाली येते. मग चेंडू भलतीकडे वळतो.

बेन होगन हा अमेरिकन खेळाडू १९१२ साली टेक्सास राज्यात जन्मला. लहानपणीच त्याचे वडील वारले. बेनने रेल्वे स्थानकावर वर्तमानपत्रे विकली. पुढे तो गोल्फच्या मैदानावर खेळाडूंच्या काठ्यांची पिशवी वाहू लागला आणि तेथेच खेळू लागला. त्याचा चेंडू फार डावीकडे वळत असे. अनेक वर्षे मेहनत करून त्याने हा दोष घालवला.

१९५७ साली त्याने आपल्या पुस्तकात एक युक्ती सांगितली. समजा, एक मोठी काच तुमच्या खांद्यांवर तिरपी टेकवली आहे. तिची खालची कड चेंडूपाशी आहे. मधल्या भोकातून तुमचे डोके वर आले आहे. आता काठी मागे न्या. कमरेपासून पुढे हात काचेला समांतर, तिच्या खालूनच वर गेले पाहिजेत. हात उभे उचलले, तर काच फुटलीच!

मोकळ्या जागेत एक साधी काठी घेऊन हे करून पाहा. कोपरे एकमेकांजवळ ठेवा. तुम्ही उजव्या हाताने खेळत असाल, तर काठी मागे नेताना डावा हात सरळ ठेवा आणि उजवे कोपर जमिनीकडे वळू द्या. घाई करू नका.

१९४९ साली बेनच्या मोटारीला बसने धडक दिली. पत्नीला वाचवण्यासाठी तो तिच्यापुढे आडवा झाला. त्याची हाडे मोडली. तो पुन्हा चालू शकेल का, अशी शंका होती. पण १९५० च्या जूनमध्ये दुखऱ्या पायांनी त्याने अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकली. अंगातले बळ घटले होते; हातांना लावलेली शिस्त मात्र शाबूत होती.

शब्दार्थ
टोलवणे – जोराने मारणे
समांतर – सारखे अंतर राखून जाणारे
शाबूत – न मोडलेले, टिकून राहिलेले

स्वाध्याय
१. चेंडू भलतीकडे का वळतो?
२. काच फुटू नये म्हणून हात कसे न्यावेत?
३. तुमच्या आवडत्या खेळातील एक योग्य सवय पाच वाक्यांत लिहा.