अभ्यासाची बैठक : संगणकापुढे बसणाऱ्या आपल्या मुलांसाठी

वसतिगृहात दाखल होणाऱ्या प्रत्येक नव्या तुकडीला आम्ही एक गोष्ट सांगत आलो आहोत. परळच्या चाळीतील एक खोली, त्याच खोलीत सर्वांचा संसार. रात्री दोन वाजता वडील उठवीत आणि शाळकरी भीमराव दिव्याच्या उजेडात अभ्यासाला बसत. गोष्ट खरी आहे आणि तिने आमच्यासारख्या अनेकांना घडविले. परंतु इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आज कबूल केले पाहिजे की, आम्ही ती अर्धीच सांगितली. उरलेली अर्धी दादरच्या हिंदू कॉलनीत उभी आहे. १९३० च्या दशकाच्या आरंभी बाबासाहेबांनी ‘राजगृह’ बांधले ते ग्रंथांसाठी आणि वाचन-लेखनासाठी. ज्यांनी अडचणीत अभ्यास केला, त्यांनी साधन हाती येताच अभ्यासाची अडचण आधी दूर केली. अडचण सोसणे हे धैर्य होते. ती जपून ठेवणे हे ध्येय नव्हते.

हे आठवण्यास कारण झाली एका माजी विद्यार्थ्याची भेट. वडील यंत्रमागावर, मुलगा आज एका कंपनीत प्रोग्रामर. मान वळत नव्हती म्हणून सारे अंग वळवून त्याने आम्हाला ‘जय भीम’ केला. वय तिशीच्या आत. चौकशी केली तेव्हा म्हणाला, “सर, पलंगावर मांडीवर लॅपटॉप घेऊन काम करतो. दुखते, पण सोसायला तुम्हीच शिकवले ना!” तो हसला, आम्हाला हसता आले नाही. प्रस्तुत पाठ म्हणजे त्या अर्ध्या गोष्टीची भरपाई होय.

माग आणि मेज

भिवंडीला शरीराच्या झिजेचे ज्ञान पुस्तकातून करून घ्यावे लागत नाही. बारा-बारा तासांच्या पाळीत अनेक मागांवर एकाच वेळी नजर ठेवणाऱ्या कामगाराचे पाय आणि पाठ संध्याकाळी काय बोलतात, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. मुलगा संगणकावर बसू लागला की आईवडिलांना वाटते, हा सुटला. याला बसून काम. परंतु बसून होणारे कामही शरीरानेच होते.

हे नवे ज्ञान नाही. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला ‘तुझा व्यवसाय कोणता?’ हे अवश्य विचारावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांनी विणकरांच्या थकव्याची नोंद घेतली, तशीच लेखनिकांच्या दुखण्याचीही. लेखनिकांच्या दुखण्याची त्यांनी तीन कारणे दिली : सतत बसणे, हाताची एकसारखी हालचाल आणि मनावरील ताण. तीन शतकांपूर्वीचे हे वर्णन आजच्या प्रोग्रामरला तंतोतंत लागू पडते. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ४४ व्या कलमाने, उभे राहून काम करणाऱ्या कामगाराला संधी मिळेल तेव्हा बसता यावे म्हणून बैठकीची सोय बंधनकारक केली. उभ्याला बसण्याचा हक्क आहे, तसा बसलेल्याला उठण्याचाही हवा.

पायापासून डोळ्यांपर्यंत

बैठक लावताना पायापासून आरंभ करावा. दोन्ही तळपाय जमिनीवर पूर्ण टेकावेत. खुर्ची उंच असेल तर पायांखाली पाट किंवा फळी ठेवावी. गुडघे साधारण काटकोनात असावेत. कमरेच्या खोलगट भागाला आधार हवा. महागडी खुर्ची नसल्यास टॉवेलची घट्ट गुंडाळी त्या जागी ठेवावी. खांदे सैल, कोपर अंगालगत आणि सुमारे काटकोनात, मनगट सरळ. की-बोर्ड व माउस शेजारीशेजारी, हात न ताणता पोहोचतील असे असावेत.

स्क्रीन हातभर अंतरावर, अगदी समोर असावा. त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली. माणसाचे डोके सुमारे पाच किलो वजनाचे असते आणि ते जितके पुढे झुकते तितका मानेच्या स्नायूंवरील भार वाढतो. लॅपटॉपमध्ये मूळ अडचण हीच आहे : पडदा व कळा एकत्र जोडलेल्या असल्याने, हात सुखावले तर मान वाकते आणि मान सरळ ठेवली तर हात अवघडतात. म्हणून लॅपटॉप जाड पुस्तकांच्या चळतीवर ठेवावा आणि की-बोर्ड व माउस वेगळे जोडावेत. नवा मोबाइल घेण्याआधी पालकांनी हा थोडा खर्च करावा.

खिडकी पाठीशी असेल तर पडद्यावर चकाकी येते, समोर असेल तर डोळे दिपतात. ती बाजूस असावी. रात्री केवळ पडद्याच्या उजेडात बसू नये. अक्षरे बारीक वाटत असतील तर आपण पुढे न वाकता अक्षरे मोठी करावीत.

एका खोलीचे घर

आमच्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरी मेजाला जागा नाही, हे आम्ही जाणतो. त्यांनी पेढीवरच्या मुनीमजींची बैठक आठवावी. ते जमिनीवर बसत, पण वही मांडीवर घेत नसत. समोर उतरते बुटके मेज असे. घडी केलेल्या गोधडीवर बसावे, म्हणजे कंबर गुडघ्यांपेक्षा थोडी उंच राहते. पाठ भिंतीला टेकावी. लॅपटॉप पत्र्याच्या पेटीवर, गरज पडल्यास वर पुस्तके रचून डोळ्यांसमोर आणावा. वेगळा की-बोर्ड मांडीवर किंवा बुटक्या चौरंगावर ठेवावा. शेजारच्या कारखान्यातील मागांची खटखट थांबवता येत नाही. निदान तो कोपरा आणि ती वेळ घरातल्यांनी ठरवून मोकळी द्यावी.

उठण्याची शिस्त

उत्तम बैठकही तासन्‌तास धरून बसल्यास बाधते. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरील वस्तूकडे वीस सेकंद पाहावे. पडद्याकडे एकटक पाहताना पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे पडतात, म्हणून त्या मुद्दाम मिटाव्यात. अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावले चालावे. प्रोग्रामिंगमधला बराच वेळ कळा दाबण्यात नव्हे, विचारात जातो. अडलेली चूक खिडकीशी उभे राहूनही शोधता येते. चालणे, उभे राहणे, बसणे, निजणे या चारही अवस्थांत सजग राहण्यास आपण ध्यानवर्गात शिकतो. तीच सजगता येथेही उपयोगी पडावी. बोटांना मुंग्या येणे, पकड सैल होणे किंवा दुखणे रात्रीही न थांबणे ही चिन्हे दिसली तर सोसत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे.

पालकांसाठी स्वाध्याय

आज संध्याकाळी पाल्य संगणकावर बसला की पाच मिनिटे बाजूने त्याचे निरीक्षण करावे. पाय टेकले आहेत का? पाठीला आधार आहे का? मान झुकली आहे का? शेवटचा उठून किती वेळ झाला? एका जरी प्रश्नाचे उत्तर खटकले, तरी पाट, टॉवेल, पुस्तके यांपैकी काहीतरी घरात आहेच.

आमच्या संगणक कक्षातील पाठ नसलेली स्टुले अनेक वर्षे आमच्या डोळ्यांना खटकली नाहीत. आता खटकतात. माजी विद्यार्थ्यांनी शाळेला काही देण्याचे मनात आणले असेल, तर पाठ टेकता येईल अशा खुर्च्या द्याव्यात, ही विनंती. नव्या तुकडीला परळच्या खोलीची गोष्ट आम्ही पुढेही सांगू. मात्र ती राजगृहापर्यंत नेऊ.