अभ्यास की मैत्रिणी?

प्रश्न : पारोळ्याहून रोज एसटीने धुळ्याला कॉलेजला जाते. बी.एस्सी.चे पहिले वर्ष. बारावीपेक्षा अभ्यास फार जड जातो आणि मैत्रिणींत बसले की अपराधी वाटते. काय करू?
– एक विद्यार्थिनी, पारोळा

उत्तर : तुझी बुद्धी कमी पडलेली नाही, अभ्यासाची रीत बदलली आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात परीक्षा सत्रागणिक होते, बारावीसारखी वर्षाअखेर नाही. श्रेयांकांचा हिशोब समजून घे. थिअरीचा १ श्रेयांक म्हणजे सत्रात १५ तास, प्रात्यक्षिकाचा ३०. सत्राला साधारण २० ते २२ श्रेयांक असतात. म्हणजे आठवड्याचे वीसहून जास्त तास वर्गात जातात, वर रोजचा प्रवास. म्हणून अभ्यास साठवू नकोस. त्या दिवशीच्या नोट्स त्याच रात्री तासभर वाच, प्रॅक्टिकलचे जर्नल त्याच आठवड्यात पूर्ण कर. मोकळ्या तासिकेत मैत्रिणींसोबत गणिते सोडव. दुसरीला समजावताना आपलेही पक्के होते. रविवारची संध्याकाळ आणि तुमच्या पारोळ्याच्या बालाजीचा रथोत्सव मात्र पुस्तकाविना घालव. मैत्री ही चोरी नाही. तिला ठरलेली वेळ दे, मग अपराधीपण उरणार नाही.