एका संगणकात दोन कार्यप्रणाली : लाभ किती, भार किती?

सुटीत फुलसावंगीला आलेले आमचे माजी विद्यार्थी संगणक कक्षात डोकावले, की ‘हे संगणक अजून चालतात का?’ असे कौतुकाने विचारतात. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर मात्र हा प्रश्न कौतुकाचा राहिलेला नाही. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित साहाय्य थांबविले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. आमच्या जुन्या यंत्रांत दोन्ही नाहीत. नवे संगणक घेण्याइतका निधी नाही. अशा वेळी काही माजी विद्यार्थ्यांनी सुचविले, की त्याच संगणकात विंडोजच्या शेजारी लिनक्सही बसवावे. हे खरोखर हिताचे आहे काय? आम्ही तंत्रज्ञ नव्हे, इतिहासाचे अभ्यासक. म्हणून कागदपत्र तपासावे तसा हा प्रश्न दोन्ही बाजूंनी तपासून पाहिला.

कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम, ही यंत्र आणि आपण यांच्यामधली कारभारीण होय. एकाच संगणकात दोन प्रणाली नांदविण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, हार्ड डिस्कचे भाग पाडून प्रत्येकीला स्वतंत्र जागा देणे. संगणक सुरू होताना आपण एक निवडतो. दुसरा, चालू प्रणालीच्या पोटात दुसरी आभासी संगणक म्हणून चालविणे. त्यासाठी मेमरी भरपूर लागते, चार जीबीच्या यंत्राची त्यात दमछाक होते. तिसरा, पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहणे; यात डिस्कला हातही लागत नाही.

दोन प्रणालींची गरज का पडते, हे समजण्यासाठी आपल्याच लिपीचा इतिहास आठवावा. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठीचा कारभार दोन लिप्यांत चाले : छपाईला बाळबोध आणि दप्तराला मोडी. पुढे मोडी शाळेतून गेली, ती वाचणारे विरळ झाले. दप्तरे मात्र उरली. आज जात पडताळणीसाठी १९५० पूर्वीची आजोबा-पणजोबांची नोंद सापडते. ती मोडीत असली, की वाचणारा शोधत फिरावे लागते. ज्यांच्या घरात कागदच थोडे, त्यांना ही अडचण अधिक बोचते.

संगणकातही अशीच एक ‘मोडी’ आहे. कृतिदेव, श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसविलेले असत. फॉन्ट नसेल, तर मजकुराऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. युनिकोडने प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला आणि ही अडचण संपविली. पण जुन्या फाइली आपोआप बदलल्या नाहीत. आमच्या शाळेच्या विद्यार्थ्यांच्या जुन्या याद्या, कार्यक्रमपत्रिका, मागील अंकांचे पेजमेकरमधील मजकूर अशाच फॉन्टमध्ये आहेत. जुने विंडोज पुसून टाकले, तर हे दप्तर मुके होईल. म्हणून त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर होईपर्यंत जुनी प्रणाली राखणे आवश्यक आहे. तिला इंटरनेट मात्र जोडू नये.

नव्या कामाला लिनक्स पुरेसे आहे. १९९१ मध्ये लायनस टॉरव्हाल्ड्स यांनी त्याचा आरंभ केला. ते विनामूल्य मिळते, त्याची प्रत देता येते, त्याची रचना अभ्यासता येते. सी-डॅकने त्यावर ‘बॉस’ ही भारतीय आवृत्ती सिद्ध केली. शिष्यवृत्तीचे अर्ज ब्राउझरमध्ये भरले जातात. ब्राउझर दोन्हीकडे सारखाच. केरळने तर सरकारी शाळांतील संगणक शिक्षणच मुक्त आज्ञावलीवर नेले. आपल्याकडे २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या खैराट गावी छोट्या शाळेतील मुलांच्या हाती लिनक्सवर चालणारे एक्सओ लॅपटॉप आले आणि ती मुले त्यांवर सहज रुळली. नव्या प्रणालीची भीती मुलांना नसते, ती आपल्याला असते. तरीही एमएस-सीआयटीचा सराव विंडोजवरच होतो, म्हणून विद्यार्थ्याला त्याची ओळख हवीच.

आता भाराची बाजू. डिस्कचे भाग पाडताना एक चूक झाली, तर सर्व काही पुसले जाते. आम्ही एकदा घाईने, प्रत न काढता हे काम केले आणि एका परीक्षेचे गुण गमावले. कागदी नोंदवही होती म्हणून दोन रात्री बसून ते पुन्हा भरता आले. दोन प्रणालींना दोनदा अद्ययावत करावे लागते, म्हणजे डेटाचा खर्च वाढतो. विंडोजच्या अद्यतनानंतर कधी कधी प्रणाली निवडण्याचा पडदाच दिसेनासा होतो. लिनक्स घड्याळ जागतिक वेळेनुसार ठेवते, विंडोज तीच वेळ स्थानिक समजते. म्हणून लिनक्सनंतर विंडोज उघडले, की घड्याळ साडेपाच तास मागे गेलेले आढळते. दोष लहान, पण घड्याळ चुकले की ब्राउझर संकेतस्थळे उघडण्यास नकार देतो.

यावरून आमचा निष्कर्ष असा : दुसऱ्या प्रणालीला स्वतंत्र काम असेल, तरच तिला जागा द्यावी, हौसेखातर देऊ नये. जुन्या दप्तरासाठी एक संगणक जसाच्या तसा राखावा. सरावासाठी एक-दोन संगणकांत दोन्ही प्रणाली ठेवाव्यात. उरलेल्यांत केवळ लिनक्स पुरे. पालकांनीही घरी आधी पेनड्राइव्हवर पाहावे, महत्त्वाच्या फाइलींची प्रत दोन ठिकाणी काढावी, मगच डिस्कला हात लावावा. स्वतः पारखून मगच स्वीकारावे, हा कालाम सुत्ताचा उपदेश येथेही लागू पडतो.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले आणि पुढे स्वतःचा भारतभूषण छापखानाही उभारला. लिहिणे आपल्या हाती असले, तरी साधन परक्याच्या हाती असेल, तर आवाज केव्हाही थांबू शकतो, ही जाण त्यामागे होती. माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे, की सुटीत दोन दिवस द्यावेत आणि जुन्या याद्या युनिकोडमध्ये आणण्यास हात लावावा. त्या याद्यांत आपली व आपल्या भावंडांची नावे आहेत. उद्या पुराव्याची गरज पडेल, तेव्हा ती वाचता आली पाहिजेत.

जय भीम!