अडलेली प्रसूती : सज्जता आणि नोंद

कळा येत असूनही मूल पुढे सरकत नाही, मातेचे बळ संपते किंवा बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावतात. अशा अडलेल्या वेळी डॉक्टर चिमटा (फॉर्सेप्स) अथवा व्हॅक्यूम यांच्या साहाय्याने प्रसूती घडवून आणतात. सतराव्या शतकात इंग्लंडमधील चेंबरलेन घराण्याने चिमट्याचे तंत्र शंभराहून अधिक वर्षे गुप्त ठेवले. आज हे तंत्र गुप्त राहिलेले नाही. मात्र ते सुरक्षित ठरते ते पूर्वतयारीमुळे आणि अचूक नोंदीमुळे.

छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना १९५६ मध्ये झाली. त्याच्या रुग्णालयास लोक ‘घाटी’ म्हणून ओळखतात. कन्नड, सिल्लोड, सोयगाव अशा तालुक्यांतून अडलेल्या माता येथे येतात. अशा वेळी सोबतची संदर्भ चिठ्ठी फार मोलाची ठरते. कळा केव्हा सुरू झाल्या, पाणी केव्हा गेले, कोणते औषध किती वाजता दिले, हे त्यावरून कळते. पाणी जाऊन बराच काळ लोटला असल्यास जंतुसंसर्गाचा धोका वाढतो; कळा वाढविण्याचे इंजेक्शन आधीच दिले असल्यास पुढील उपचार बदलतात.

उपकरण लावण्यापूर्वी

गर्भाशयाचे तोंड पूर्ण उघडले आहे, डोके पुरेसे खाली आले आहे व त्याची दिशा निश्चित कळली आहे, याची डॉक्टर खात्री करतात. मूत्राशय रिकामे केले जाते. मातेला सर्व समजावून तिची संमती घेतली जाते. बाळाला श्वास देण्याची साधने हाताशी ठेवली जातात. प्रयत्न फसल्यास तत्काळ शस्त्रक्रिया करता यावी, अशी व्यवस्थाही आधीच हवी. तीन वेळा ओढूनही मूल पुढे न सरकल्यास सामान्यतः प्रयत्न थांबविला जातो.

काय नोंदवावे

निर्णयाची वेळ व कारण, उपकरणाचा प्रकार, किती वेळा ओढले, व्हॅक्यूमचा कप निसटला काय, जन्माची वेळ, पहिल्या व पाचव्या मिनिटाचा अपगार गुणांक, मातेच्या जखमा, रक्तस्राव आणि वापरलेल्या कापसाच्या बोळ्यांची मोजणी, या बाबी स्वाक्षरीसह लिहावयाच्या असतात. बाळाच्या डोक्यावर सूज आल्यास पुढील पाळीतील परिचारिकेला याच नोंदीवरून लक्ष कोठे ठेवावे ते समजते.

गावाची जबाबदारी

केंद्र शासनाने २०१७ मध्ये ‘लक्ष्य’ कार्यक्रमाद्वारे प्रसूतिगृहांच्या गुणवत्तेवर भर दिला. तथापि, सज्जतेचा आरंभ गावातच होतो. पंचायत सदस्यांनी आशा कार्यकर्तीकडून प्रसूतीच्या अपेक्षित तारखा जाणून घ्याव्यात आणि रात्रीच्या वाहनाची सोय आधीच ठरवावी. शिक्षकांनी माता व बाल संरक्षण कार्ड जपून ठेवण्याचे महत्त्व पालकांना पटवून द्यावे. मागील प्रसूतीत उपकरण वापरल्याची नोंद त्यावर असेल, तर पुढच्या खेपेस ती माता वेळेवर योग्य रुग्णालयात पोहोचेल.