बिनतारी संवेदकांचे जाळे आणि सिंगापुरातील आपली मुले

माध्यमिक शाळेचा अखेरचा निकाल हाती पडला की सिंगापुरातील मराठी घरांतून ज्युनियर कॉलेज की पॉलिटेक्निक या एकाच प्रश्नाचा खल सुरू होतो. परंतु ज्या विद्येवर मुलाने आपला चरितार्थ उभारावयाचा, तिच्यातील खरी अडचण कोणती, याची चौकशी क्वचितच होते, आणि म्हणून तशा एका विद्येचा परिचय येथे करून देण्याचे योजिले आहे.

नाल्यातील पाण्याची पातळी किंवा पुलाला बसणारे हादरे टिपणारे बिनतारी संवेदक पुष्कळदा लहानशा बॅटरीवर चालतात, आणि त्यांची शक्ती मोजमापापेक्षा रेडिओवरून खबर धाडण्यातच अधिक खर्ची पडते. दूरच्या संवेदकाची खबर शेजाऱ्यापाजाऱ्यांकरवी पुढे सरकत असल्यामुळे सारी खबर जेथे गोळा होते त्या मुख्य ठाण्यालगतच्या संवेदकांवर साऱ्या मुलखाचा भार येऊन त्यांची बॅटरी प्रथम संपते, आणि मग दूरच्यांपाशी भरपूर शक्ती शिल्लक असूनही त्यांची खबर ठाण्यापर्यंत पोहोचत नाही. जवळचा मार्ग तोच हिताचा मार्ग, हा हिशेब येथे लागू पडत नाही.

मार्ग ठरविण्याचा अधिकार संवेदकांकडून काढून घेऊन संपूर्ण जाळ्यावर नजर ठेवणाऱ्या एका नियंत्रक सॉफ्टवेअरकडे सोपवावा, ही तजवीज २०१२ साली 'सेन्सर ओपनफ्लो' या नावाने मांडली गेली ती याच नगरात, टाय लुओ, ह्वी-पिंक टॅन आणि टोनी क्वेक यांच्या शोधनिबंधात. पण नियंत्रकाचे हुकूम आणि संवेदकांच्या विचारणा यांनाही तोच अरुंद रेडिओ वापरावा लागतो, आणि प्रचलित ८०२.१५.४ या रेडिओ-मानकाप्रमाणे एका पॅकेटमध्ये १२७ बाइटांहून अधिक मजकूर मावत नाही; प्रत्येक अपरिचित पॅकेटसाठी संवेदक नियंत्रकाकडे मार्गाचा नियम मागू लागले, तर कारभाराच्या पत्रव्यवहारातच बॅटरी आटावयाची. विचारणा कितीदा करावी, मिळालेला नियम किती काळ जपून ठेवावा आणि कोणाच्या शिल्लक शक्तीकडे पाहून मार्ग बदलावा, या तीन प्रश्नांत मला या विषयाचे खरे सौंदर्य दिसते.

बिनतारी संवेदकांचे जाळे या नावाची स्वतंत्र पदवी शोधण्याच्या भरीस पालकांनी पडू नये. एनयूएस किंवा एनटीयू या विद्यापीठांतील विद्युत् वा संगणक अभियांत्रिकीतून हा मार्ग जातो. आलेखशास्त्र, संभाव्यता आणि सी भाषा ही त्याची शिदोरी. पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा कमी प्रतीचा, हा आपल्याकडील समज मला सर्वस्वी अन्यायाचा वाटतो, कारण सोल्डरिंगचा सराव असलेल्या मुलाला प्रत्यक्ष यंत्रातील दोष लवकर सापडतात.

निर्णयापूर्वी सिम लिम टॉवरमधून चार स्वस्त रेडिओ-बोर्ड आणून द्यावेत, ते घरातल्या खोल्याखोल्यांत मांडून कोणत्या बोर्डाची बॅटरी आधी उतरते याची नोंद मुलाला स्वतः ठेवू द्यावी, आणि ती नोंद पाहून तो नवा मार्ग आखावयास बसतो की नाही, एवढेच पालकांनी पाहावे.